गावपळण आणि आक्काची गाय

आमच्या तांबड्या गायीला कधी काही झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी हे कुणाला सांगायला बसले की अर्ध्यातच प्रश्न येतो, "पण गाय आजारी होती काय गो?" नव्हती! तोंड साफ, खूर साफ, रोजचं दूध रोज. आणि तरी ती गेली नाही.

तिला जायचं होतं पेडण्याला. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तिथे दिलेली. पेडणं गोव्यात, आणि गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. पण आमच्या बाजूच्या माणसांना त्याचं काय! सोयरिकी व्हायच्या, बारशाला जायचं, जत्रेला यायचं. इन्सुलीच्या नाक्यावर शिपाई विचारायचा, खंय चललास, त्याला सांगायचं आणि पुढे व्हायचं. माणसाचं एवढंच. गुराचं तसं नव्हतं. गुराला सरकारी डॉक्टरच्या सहीचा दाखला लागायचा, की हे जनावर निरोगी आहे आणि ज्या गावातून आलं त्या गावात रोग नाही. दाखला नसला तर नाक्यावरून परत.

लग्नातच बाबांनी आक्काच्या सासऱ्यांना शब्द दिला होता, गाय देतो. तेव्हा तांबडी वासरू होती. आक्काच्या मागे मागे फिरायची, तिच्याच हातची पेज प्यायची. ती पहिल्यांदा व्याली की पाठवायची असं ठरलं होतं. मग काय झालं, तांबडी इकडे व्याली, आक्काला तिकडे मुलगा झाला, आणि आक्काला दूध पुरेना. काकणं भरणारा एक म्हातारा दोन्हीकडे फिरायचा, तेच आमचं टपाल. तो आला, ओट्यावर पेटी टेकवली आणि आईच्या हातात काकणं चढवता चढवता म्हणाला,

"वयनी, तुमच्या चेडवाचो निरोप आसा. पोर दुधाबगर किरकिरता. आणि सासू रोज इचारता, तुज्या बापाशीची गाय चलत येता काय उडत येता?"

आईने हात असा ओढला की अर्धं चढलेलं काकण पिचलं.

"सांग तिका," आई म्हणाली, "म्हयन्याभरात गाय दारात उबी रवतली."

म्हणजे आता सगळं डॉक्टरांवर. आणि डॉक्टर तर आमच्याच घरात!

डॉक्टर घाटावरचे, साताऱ्याकडचे, तिशीच्या आतले. आमच्या पडवीला लागून एक खोली होती ती बाबांनी त्यांना राहायला दिलेली. दवाखाना शाळेच्या मागे. गाव त्यांना 'ढोरांचो डॉक्टर' म्हणायचा, अगदी तोंडावर, आणि ते हसायचे. जेवायला आमच्याकडेच. पहिल्यांदा तिरफळं घातलेलं बांगड्यांचं तिखलं खाल्लं तेव्हा डोळ्यांतून धारा, आणि आई दाराआडून ओरडतेय, "डॉक्टरांनू, पाणी पिव नकात, भात खावा!" सहा महिन्यांत स्वतःच विचारायला लागले, काकू, आज तिखलं नाही का? आमचा गोठा माझ्याकडे होता. मी सोळा-सतराची, सातवी करून घरी बसलेली. म्हणून मला ते मालकीणबाई म्हणायचे. "काय मालकीणबाई, दूध किती दिलं आज?" असं.

हे सगळं सांगते कारण ते परके नव्हते. परक्याने फसवलं तर चार शिव्या द्यायच्या आणि कामाला लागायचं. इथे तसं करता आलं नाही.

दाखल्याचं विचारल्यावर ते गंभीर झाले. "काका, जेवण वेगळं आणि सही वेगळी," ते बाबांना म्हणाले. "माझ्या सहीवर पलीकडचे लोक गाडी न थांबवता जनावर आत घेतात. एक आजारी बैल माझ्या सहीने गेला ना, तर पुन्हा इकडचं शेपूटसुद्धा ते आत घेणार नाहीत. आजूबाजूला लाळ-खुरकूत चालू आहे. गाय महिनाभर एकटी ठेवा. चरायला सोडायची नाही, तळीवर न्यायची नाही, दुसऱ्या गुरात मिसळायची नाही. मग मी तोंड, खूर, ताप बघतो आणि सही करतो."

लाळ-खुरकूत म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. बैलाच्या तोंडातून तारा लोंबतात, खुरात फोड येतात, लंगडतो. आमच्याकडे त्याला कोण रोग म्हणणार! खाडीच्या खाऱ्या पाण्यात उभा करायचा, आठवडाभरात बरा. आणि डॉक्टर गल्लीत दिसले की तोच बैल मागच्या दाराने माडांच्या बागेत. हे प्रत्येक घरी चालायचं. कारण डॉक्टरने बघितला की तो दावणीला अडकला, ऐन कामाच्या दिवसांत नांगर थांबला. डॉक्टर यायचे, पुढच्या दावणीचे दोन ठणठणीत बैल बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याला काही कळत नाही!

मी तांबडीला गोठ्यातून काढलं आणि घरामागे फणसाखाली वेगळी बांधली. रोज गवत मी कापायचं, पाणी आमच्या विहिरीचं, मीच ओढायचं. हाताला घट्टे पडले. शेजारची बकरी कुंपणातून आली तरी मी काठी घेऊन धावायचे. आई म्हणायची, "गो, नवरीक पण कोण इतक्या जपना नाय!" डॉक्टर रोज सकाळी दात घासता घासता बघून जायचे. "छान! एकदम कडक मालकीणबाई आहे ही."

महिना संपत आला होता. आणि देवाने कौल दिला, गावपळण!

आमच्या गावाला ही रीत आहे. दर तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावतात, आणि देव म्हणाला की गावाने वेशीबाहेर जायचं, तीन दिवस. सगळ्यांनी. म्हातारी माणसं, कालचं बाळ, कुत्री, मांजरं गोणत्यात, कोंबड्या डालग्यात, आणि गोठ्यातली सगळी गुरं. मागे श्वास घेणारं काही राहायचं नाही. माणूस ब्रह्मदेवाचा असू दे, बाहेर.

दुसऱ्या कुठल्याही वर्षी मी नाचले असते. गावपळणीत मजा असते हो! पण मी देवळातून धावत घरी आले आणि फणसाखाली जाऊन रडायलाच लागले. गाय मागे ठेवली तर देवाचं मोडणार. गाय नेली तर गावातली सगळी गुरं एका माळावर, आणि महिनाभर सांभाळलेलं सगळं पाण्यात.

बाबा देवस्थानाच्या बारापाच मानकऱ्यांपैकी. ते जरा वेळ सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, "रडा नको, चेडवा. फाल्या देवाक इचारतंय. गाऱ्हाणा घालतंय, की ह्या एका ढोराक मागे ठेवूची परवानगी दी. आमची हौस न्हय ती, पोराच्या तोंडचा दूध आसा. कौल उजवो पडलो तर गाय थंयच रवतली."

आणि देवाने दिला असता कौल! मला आजही वाटतं. त्या देवळात पहिल्या मानाचा गावकार उभा राहून म्हणतो, "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे उबी आसत," आणि सगळा गाव एका आवाजात "होय म्हाराजा!" म्हणतो, तेव्हा नाही म्हणणारा देव नाही तो.

पण डॉक्टर पडवीत होते. त्यांनी ऐकलं. बाहेर आले.

"काका, कशाला देवाला अडचणीत टाकता?" हसून म्हणाले. "गाय बाहेर न्या. सगळ्या गावाबरोबर न्या. फक्त जरा लांब बांधा, पाणी घरचं घेऊन चला. तुमची गाय मला माहीत आहे. परत आल्यावर मी सही करतो."

"नक्की?" मी विचारलं. मध्येच बोलले म्हणून बाबांनी बघितलं माझ्याकडे, पण मी विचारलंच.

"शब्द दिला, मालकीणबाई."

झालं. बाबांनी देवाला विचारलं नाही. मला तर इतका आनंद झाला की मी त्या दिवशी आईकडून मागून त्यांच्यासाठी खापरोळ्या केल्या, नारळाच्या गुळातल्या रसात बुडवून. त्यांनी खाल्ल्या.

आणि मग ढोल वाजला आणि गाव निघाला. माणसांच्या डोक्यावर टोपं, भांडी, गोधड्या, हातात दावी. काकी ओरडतेय, "रे, मांजार खंय? मांजराक इसरलो मेलो!" आणि तो मेला, म्हणजे काका, परत धावतोय. वेशीपलीकडे खाडीच्या काठाने झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पोरं पाण्यात, पुरुष गरी टाकून बसलेले, बायकांच्या फुगड्या, तीन दगडांची चूल आणि त्यावर ताजे मासे. सासवा-सुना एका पंगतीला बसून गजाली मारतायत, जे घरात कधी व्हायचं नाही. तांबडीला मी सगळ्यांपासून लांब, सुरूच्या दोन झाडांमध्ये बांधली होती आणि निघताना घरून भरून आणलेलं पाणी हंड्यातून पाजत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सायकलवरून आले; तेही आमच्यासारखेच गावाबाहेर, कुडाळला मुक्कामाला गेले होते. सगळ्यांना आनंद! "डॉक्टर इले, डॉक्टर इले, हय बसा, च्याय घेवा." ते सगळ्यांकडे बसले. ह्या झोपडीत चहा, त्या झोपडीत तळलेला मासा, हातात कांदा-पोहे. आणि खाता खाता फिरत होते. गुरं सगळी उघड्यावर. मागचं दार नाही, माडाची बाग नाही, दावणीचा आडोसा नाही. अख्ख्या गावाची गुरं एका नजरेत. गावाला ते कळलंच नाही. गाव सुट्टीवर होता!

माझ्याजवळ आले, तांबडीच्या पाठीवर थाप मारली. मग पलीकडे बघत, अगदी सहज, म्हणाले, "तो पांढरा बैल कुणाचा गं? लंगडणारा?"

"आमच्या चुलत काकांचा," मी म्हटलं. सांगायला काय! कुणाचा बैल कुणाचा ते गावातलं शेंबडं पोर सांगेल. "खाऱ्या पाण्यात उभा केलाय, होईल बरा."

"होईल ना," ते म्हणाले आणि काकांच्या झोपडीत चहाला गेले.

गावपळण संपली, परत यायचा कौल झाला, गाव घरी आला. मी तांबडीला घासून धुतली. शिंगांना तेल लावलं. बाबांनी प्रवासाच्या वहाणा शिवून आणल्या. कुडाळ, सावंतवाडी, इन्सुली, पेडणं. चालत जायचं, गायीच्या पावलाने. आईने बाळासाठी झबलं शिवलं.

आणि मग एके सकाळी चावडीवर दवंडी. ह्या गावात लाळ-खुरकूत आहे, रोगी गुरं इतर सर्व गुरांमध्ये मिसळली आहेत, ह्या गावातलं एकही जनावर पुढचा हुकूम होईपर्यंत वेशीबाहेर जायचं नाही आणि कुठलाही दाखला मिळायचा नाही.

मी ऐकलं ते दारातच. मला वाटलं, आमची सोडून! आमची वेगळी होती ना! मी डॉक्टरांच्या खोलीकडे धावले. बाबा आधीच तिथे उभे होते.

"डॉक्टरांनू, ह्या काय आयकतंय?"

डॉक्टर उभे राहिले. खोटं बोलले नाहीत, तेवढं सांगते. "काका, मी वर्षभर दारोदार फिरतोय. प्रत्येक गोठ्यात मला निरोगी बैल दाखवतात आणि आजारी मागच्या दाराने नेतात. मला काय कळत नव्हतं का? गावपळण होणार हे कळलं तेव्हाच मी साहेबांना लिहिलं, की आता तीन दिवसांत ह्या गावाचं सगळं खरं कळेल."

"आणि आमची गाय?" मी म्हटलं. "तुमी म्हणालात न्या म्हणून! शब्द दिला म्हणालात!"

"म्हणालो." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडेच बघून बोलले. "तुम्ही मानकरी. तुम्ही देवाला विचारून एक गाय मागे ठेवली असती, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपली आजारी गुरं मागे ठेवायला कौल लावला असता. मग मला काय दिसलं असतं? सगळी गुरं बाहेर येणं जरूर होतं, काका. तुमची गाय निरोगी आहे. मला माहीत आहे. पण ती बाहेर गेली, आणि आता ती रोग असलेल्या गावातली गाय आहे. मी सही करू शकत नाही."

म्हणजे शब्द देतानाच त्यांना माहीत होतं! खापरोळ्या खाताना माहीत होतं! मी जोरात काहीतरी बोलायला गेले तर बाबांनी हात वर केला. एवढंच म्हणाले, "म्हंजे माका देवाकडे जावक दिलास नाय."

त्या दुपारी डॉक्टर जेवायला आले. आले, हे बघा! आईने पान मांडलं, भात वाढला, आमटी वाढली. पण आणखी घ्या म्हटलं नाही. आमच्याकडे परक्या वाटसरूलाही आणखी घ्या म्हणतात. ते खाली मान घालून जेवले, हात धुतला, आणि आठवड्याने शाळेमागच्या खोलीत राहायला गेले.

गाव तर पेटला. गावकार देवळात म्हणाला, "देवान गाव भायर काडलो आणि ह्यान तेची झडती घेतल्यान!" माझा चुलत काका दारात येऊन ओरडून गेला, "तुज्या चेडवान माजो बैल दाखवल्यान!" मी आतून ओरडले, "दाखवूक कित्याक होयो? लंगडत हुतो, सगळ्यांका दिसत हुतो!" पण तो महिनोन्‌महिने आमच्याकडे आला नाही.

काकणवाला परत आला. ह्या वेळी सासू काय म्हणते ते त्याने सांगितलं नाही. आईने विचारलं तरी नाही सांगितलं. फक्त म्हणाला, "बरेच दिस पोर बकरेच्या दुधार आसा. सुकान गेला." आणि मग हळूच बाबांकडे सरकून, "दादानू, तेरेखोलाच्या खाडयेत भरती उतारली की ढोरां चलत पार जातत. लोक न्हेतत. मी माणूस दाकयतंय."

आई लगेच उठून बसली. बाबा म्हणाले, "नाय."

"कित्याक नाय?" आई म्हणाली. "तेणां आमका फसयल्यान!"

"तेणां फसयल्यान म्हणान मी चोर जावू? हुकूम उठतलो तेवा दाखलो घेवन, नाक्यावरसून, दिवसाउजेडी जातलंय."

हुकूम उठला. खरंच उठला, पुढच्या पावसाळ्यानंतर. पण तोपर्यंत गोव्यासाठी सत्याग्रह, पोर्तुगिजांचा गोळीबार, आणि मग आपल्या सरकारने सीमाच बंद केली. इन्सुलीच्या नाक्यावरून माणूस जाईना, गाय कुठली जाणार! आक्काही येईना. काकणवाला यायचा बंद झाला. इतकी वर्षं. तांबडीची तीन वासरं आमच्या गोठ्यात मोठी झाली, त्यांचं दूध आम्ही प्यायलो, आणि आईने कधी ते तोंडाला लावलं नाही.

गोवा सुटला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आक्का आली. एसटीने, दारापर्यंत! बरोबर मुलगा, सडपातळ, लाजरा, आमच्यापेक्षा वेगळीच कोकणी बोलणारा. आई रडली, मी रडले, बाबांनी नातवाला मांडीवर घेतलं आणि सोडेनात. आक्का नाही रडली. जेवण झाल्यावर एकटीच गोठ्यात गेली. मी मागे गेले. तांबडी म्हातारी झाली होती, दूध आटलेलं, बसूनच असायची.

"हीच ती?"

"हीच," मी म्हटलं, आणि मग मी सगळं सांगायला लागले, घाईघाईने, गावपळण, डॉक्टर, शब्द, चहा, पांढरा बैल, दवंडी, सगळं. मला वाटलं, आता कळलं की ती डॉक्टरांना शिव्या देईल, आणि आम्ही दोघी मिळून देऊ. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

तिने सगळं ऐकलं.

"आमच्या शेजाऱ्यान तेरेखोलातसून दोन म्हशी हाडल्यान," ती म्हणाली. "तेच वर्सा."

"बाबा नको म्हणाले. चोरी नको म्हणाले."

"तेंका सरकाराचो हुकूम मोडूचो नव्हतो. आणि माज्या सासऱ्याक दिलेलो शब्द?" ती गायीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "मी थंय काय सांगत हुतंय, तुका म्हायत आसा? आज बाबा आजारी, उद्या गाय गाभण, परवा वाट चुकली. दर खेपेक नवा कायतरी. तुमी दाखल्याची वाट बगीत रवलास गो."

डॉक्टरांवरचा माझा सगळा राग तिथेच होता, पण तो तिच्या उपयोगाचा नव्हता.

संध्याकाळच्या गाडीला आईने पिशवी भरून दिली. नारळ, सोलं, सुके बांगडे, पापड, आणि तांबडीच्या लेकीच्या दुधाचं घरी कढवलेलं तूप, बरणीत घालून, वर फडकं बांधून. आक्काने पिशवी उघडून बघितली, बरणी बाहेर काढली आणि ओट्यावर ठेवली.

"तूप रवांदे, आये," ती म्हणाली. "आमच्याकडे आता घरच्ये गायी आसत."

आणि मुलाचा हात धरून ती गाडीकडे चालायला लागली. बाबा पुढे होऊन पिशवी घ्यायला गेले, तीही तिने दिली नाही.